जन्मखुणेवर प्रकाशाचा इलाज

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत 'प्रकाश' या विषयावर आम्ही बोललो होतो. व्याख्यान संपून सतरंज्या गुंडाळल्या जात असताना एक वयस्क बाई व्यासपीठापाशी थांबून राहिल्या होत्या. त्यांच्या नातीच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खालपासून वरच्या ओठापर्यंत, जन्मतःच एक जांभळट लाल डाग होता. "सर, लेसरनं हा डाग जातो का हो?" असे त्यांनी विचारले. बाहेर आमची रिक्षा खोळंबली होती. आम्ही म्हणालो, "हो, जातो की." त्यावर त्या जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्या सुनेनं ग्रहणात विळी हातात घेतली होती. मी तेव्हाच सांगत होते." आम्ही हसलो आणि रिक्षात जाऊन बसलो.

एवढ्याशा संभाषणात आमच्या हातून दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे 'जातो' हे क्रियापद. भौतिकशास्त्र शिकविण्यात उभा जन्म घालविलेल्या माणसाला लेसरचे इतके कौतुक असते की त्याला वैद्यकातले बारकावे विचारण्याआधी तो उत्तर देऊन मोकळा होतो. दुसरी चूक हसण्याची. ग्रहणाच्या गोष्टीवर हसले म्हणजे ती खोडली असे आम्हा शिकलेल्या लोकांना वाटते. पण घरी त्या सुनेवर जो आरोप रोज होत होता, तो आमच्या हसण्याने तसूभरही हलला नाही. यंदा चालकांनी विषय विचारला, तेव्हा ही दोन्ही देणी फेडावी असे ठरविले. आम्ही वैद्य नाही, हे आरंभीच सांगतो. वैद्यांकडून जे समजून घेतले, त्यातला प्रकाशाचा भाग आमच्या धंद्याचा आहे. बाकीच्या भागात आम्हीही तुमच्यासारखे श्रोतेच आहोत.

प्रथम ग्रहणाचे देणे फेडू. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले, कापले, तर मुलाच्या अंगावर त्याची खूण उमटते, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. डोहाळे पुरविले नाहीत तर मुलाचा कान फुटतो, हीही त्याच घरातली. आपणच एवढे भोळे आहोत असे मात्र कोणी समजू नये. इटालियन भाषेत 'व्होल्या' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, डोहाळा आणि जन्मखूण. कारण आईला जे खावेसे वाटले आणि मिळाले नाही, त्याचा रंग मुलाच्या अंगावर उतरतो असे तेथे मानीत. जर्मन भाषेत जन्मखुणेला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'आईची खूण' असाच आहे. देश बदलला की गुन्हा बदलतो, पण आरोपी सगळीकडे एकच!

खरे कारण २०१३ साली उजेडात आले. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी अशा डागांतील कातडीचे नमुने तपासले. साध्या डागाच्या १३ जणांपैकी १२ जणांच्या नमुन्यांत 'जीएनएक्यू' नावाच्या एका जनुकात नेमका एकाच ठिकाणी, एकाच अक्षराचा बदल सापडला. छापखान्यात जुळणी करताना एक खिळा चुकीचा बसावा, तसा हा प्रकार आहे. गर्भ राहिल्यानंतर, तो पेशींच्या मोजदादीतच असताना, त्यांपैकी एका पेशीत ही चूक होते, आणि त्या पेशीपासून पुढे ज्या पेशी निपजतात तेवढ्यांतच ती उतरते. म्हणून डाग एका गालावर असतो आणि दुसरा गाल स्वच्छ असतो. ही चूक आईकडून आलेली नसते, बापाकडूनही आलेली नसते, आणि त्या मुलीच्या मुलांकडे ती जात नाही. विळीचा, ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा, रागावण्या-भिण्याचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही.

या चुकीचा परिणाम असा होतो की कातडीतील केसांसारख्या बारीक रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा रुंद होतात आणि तशाच राहतात. त्यांत साठलेले रक्त वरून दिसते, तोच हा डाग. इंग्रजीत याला 'पोर्ट-वाइन' डाग म्हणतात. पोर्तुगालातील पोर्तो शहराच्या नावाने ओळखली जाणारी ती गडद तांबडी, गोड दारू गोव्यातील मंडळींच्या परिचयाची आहे. हजार बाळांमागे सुमारे तिघांना हा डाग असतो. तो अंगाबरोबर वाढतो. म्हणजे चेहरा मोठा होईल तसा तोही पसरतो. तो आपण होऊन जात नाही. लहानपणी गुलाबी असलेला डाग पुढे तांबडा आणि उतारवयाकडे जांभळा होत जातो. पुष्कळांची कातडी तेथे जाड होते, गाठी उठतात, आणि त्या थोडक्या धक्क्यानेही रक्ताळतात. तेव्हा उपचाराची इच्छा म्हणजे निव्वळ नटण्यामुरडण्याची हौस असे कोणी म्हणू नये.

पण बाळाच्या अंगावरचा प्रत्येक लाल डाग हा नव्हे, आणि येथे गफलत झाली तर फार महाग पडते. मानेच्या मागे किंवा दोन भुवयांच्या मध्ये फिकट गुलाबी छटा असलेली बाळे तर कितीतरी. सटवाईने कपाळावर काय लिहिले ते कुणी वाचले नसले, तरी ही तिची शाई वर्षा-दोन वर्षांत बहुधा पुसट होते. मानेवरची कधी कधी राहते, पण ती केसांखाली झाकली जाते. दुसरा प्रकार अधिक लक्षात ठेवण्यासारखा. बाळ जन्मते तेव्हा काहीच नसते, किंवा अगदी अंधुक ठिपका असतो. दोन-तीन आठवड्यांत तो लाल होऊन फुगू लागतो आणि पाहता पाहता स्ट्रॉबेरीसारखा वर येतो. ही रक्तवाहिन्यांची गाठ असते. ती काही महिने भराभर वाढते, मग थांबते आणि पुढे काही वर्षांत आपोआप ओसरते. म्हणजे एक डाग वाट पाहिल्याने जातो आणि दुसरा वाट पाहिल्याने गडद होतो! दोन्हींना पूर्वी एकाच नावाने ओळखीत, आणि त्या नावापायी एकाचा सल्ला दुसऱ्याला मिळे. १९८२ साली बोस्टनच्या मुलिकेन आणि ग्लोवाकी यांनी ही फारकत नीट करून दिली. त्यानंतर २००८ साली फ्रान्सातील बोर्दो येथे एक विलक्षण गोष्ट घडली. हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुने औषध दिलेल्या बाळांच्या गाठी मऊ पडून उतरू लागल्याचे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. डोळ्यावर, ओठावर किंवा श्वासनलिकेत वाढणाऱ्या गाठीवर आज तेच पहिले औषध आहे. अर्थात ते हृदयाचे औषध आहे. शेजाऱ्याच्या बाळाला लागू पडले म्हणून आपण आणून द्यावे असे ते नव्हे. गाठीच्या मुलाला लेसरसाठी वणवण फिरवून औषधाचे महिने दवडणे, हा या गफलतीचा एक तोटा.

दुसरा तोटा उलट बाजूचा आहे. सपाट जांभळट डाग कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल, तर प्रश्न केवळ कातडीचा राहीलच असे नाही. लंडनच्या स्टर्ज या डॉक्टरांनी १८७९ साली असा डाग आणि फेफरे एकत्र असलेल्या मुलीची हकिकत मांडली. आतल्या मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांत तोच दोष असतो, आणि डोळ्यातील दाब वाढून दृष्टीही जाऊ शकते. अशा बाळाला आधी बालरोगतज्ज्ञांना व डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. लेसरला थोडा उशीर झाला तर चालेल, डोळ्याला चालणार नाही.

आता प्रकाशाकडे वळू. लेसर येण्यापूर्वी या डागांवर माणसांनी काय काय केले, ते ऐकले तर अंगावर काटा येतो. बर्फासारखा गोठविलेला कार्बन डायऑक्साइड लावून पाहिला, डाग कापून मांडीची कातडी बसविली, कातडीच्या रंगाचे गोंदण करून पाहिले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेडियम, क्ष-किरण आणि थोरियम यांचेही प्रयोग तान्ह्या मुलांवर झाले. डागाला फारसे काही झाले नाही. किरणांचे दुष्परिणाम मात्र मागे राहिले. त्या मानाने अमेरिकेतील लिडिया ओ'लिअरी या बाईंचा मार्ग शहाणपणाचा म्हणावा लागेल. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असा डाग होता. तो पूर्ण झाकील असा दाट लेप त्यांनी स्वतःच तयार केला आणि १९२८ साली त्याचाच उद्योग उभारला. असा लेप आजही पुष्कळांच्या उपयोगी पडतो.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिनसिनाटीचे लिऑन गोल्डमन यांनी तो कातडीवर टाकून पाहिला. पण माणकाचा प्रकाश गडद लाल. आणि येथे आमचा विषय सुरू होतो. रक्त लाल का दिसते? लाल प्रकाश ते स्वतःकडे ठेवीत नाही, परत पाठविते, म्हणून. जो प्रकाश रक्त परत पाठविते, त्याने रक्त तापणार कसे? रक्ताला तापवायचे तर ते जो प्रकाश गिळते तो द्यावा लागेल, म्हणजे निळा, हिरवा किंवा पिवळा. म्हणून १९७० नंतरच्या दशकात निळसर हिरव्या प्रकाशाचा आर्गॉन लेसर वापरात आला. त्याने डाग फिके झाले खरे. परंतु पुष्कळांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, चेहऱ्यावर डागाच्या जागी व्रण राहिले. रंग बरोबर निवडला होता. मग चुकले काय?

चुकली ती वेळ. आमच्या सर्व व्याख्यानात लक्षात ठेवण्यासारखे काही असेल तर ते हेच, म्हणून जरा सावकाश सांगतो. फोडणीतील मोहरीचा एखादा दाणा हातावर उडाला तर चटका क्षणभरच बसतो, कारण दाणा लगेच निवतो. उकडीचा मोदक मात्र वरून निवला तरी आतल्या सारणाने जीभ पोळते, हा अनुभव गणेशचतुर्थीला प्रत्येक घरात एकाला तरी येतोच. लहान वस्तू चटकन निवते, मोठी सावकाश निवते. आणि जाडी दुप्पट झाली तर निवण्याचा वेळ दुप्पट नव्हे, चौपट होतो. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी रक्तवाहिनी तापविली तर ती सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आपली बरीचशी उष्णता आजूबाजूला देऊन टाकते. दुप्पट जाड असेल तर तिला चार-पाच हजारांश सेकंद लागतात. आर्गॉनचा प्रकाश याहून पुष्कळ अधिक वेळ कातडीवर पडत राहात असे. रक्तवाहिनी तापे, तिची उष्णता शेजारी झिरपे, ती पुन्हा तापे, पुन्हा झिरपे; शेवटी सगळी कातडीच शिजून निघे. प्रकाशाने रक्त निवडले होते, परंतु उष्णतेला निवड ठाऊक नसते.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली 'सायन्स' या साप्ताहिकात एक लेख लिहिला. अँडरसन हे आधी भौतिकशास्त्र शिकलेले, आणि त्या वेळी त्यांचे वैद्यकाचे शिक्षण पुरे व्हावयाचे होते. (भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने हे कंस घालून सांगितले तर श्रोते क्षमा करतील.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : रंग असा घ्या की तो रक्तात शोषला जाईल, आणि प्रकाशाचा झटका असा आखूड द्या की उष्णता रक्तवाहिनीच्या बाहेर पडण्यापूर्वीच तो संपलेला असेल. मग वाहिनी आतून करपेल आणि शेजारच्या कातडीला पत्ताही लागणार नाही. तांदूळ निवडताना जसा खडा उचलायचा आणि दाण्याला धक्का लावायचा नाही, तसे हे निवडणे आहे. फरक इतकाच की येथे हाताचे काम घड्याळाने करावयाचे.

रंग त्यांनी निवडला तो ५७७ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे पिवळा. नॅनोमीटर हा मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पुढे प्रकाश थोडा अधिक खोल जावा म्हणून ५८५ आणि नंतर ५९५ नॅनोमीटरची यंत्रे आली. रस्त्यावरचे सोडियमचे पिवळे दिवे तुम्ही पाहिले असतील. त्यांचा रंग ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे याच दोन आकड्यांच्या मध्ये बसतो. असा हवा तो रंग मिळविण्यासाठी यंत्रात माणिक नसते, तर पाण्यासारख्या द्रवात विरघळविलेले रंगद्रव्य असते. १९६६ साली सोरोकिन आणि शेफर यांनी, एकाने अमेरिकेत आणि दुसऱ्याने जर्मनीत, स्वतंत्रपणे ही युक्ती काढली. यातील ऱ्होडामिन हे रंगद्रव्य आपल्याला अपरिचित नाही. जत्रेतल्या गुलाबी 'म्हातारीच्या केसां'त याच कुळातला रंग सापडला म्हणून २०२४ साली तमिळनाडू सरकारने त्या मिठाईवर बंदी घातली होती. पोटात नको असलेली वस्तू यंत्रात असे काम करते! १९८९ साली बोस्टनच्याच डॉक्टरांनी या यंत्राने लहान मुलांचे डाग व्रण न राहता फिके होत असल्याचा अहवाल दिला, आणि तेव्हापासून हाच उपचार जगभर मुख्य मानला गेला.

येथपर्यंतची गोष्ट ऐकून मन प्रसन्न होते. पण ही गोष्ट मुख्यतः गोऱ्या कातडीवर घडलेली आहे, आणि गेल्या वर्षी रिक्षाच्या घाईत आम्ही हेच विसरलो होतो. पिवळा प्रकाश रक्तापर्यंत पोचण्याआधी त्याला कातडीच्या वरच्या पातळ थरातून जावे लागते, आणि त्या थरात आपले सावळेपण असते. हे सावळेपण म्हणजे मेलॅनिन. ऊन गिळून आतल्या कातडीचे रक्षण करणे हेच त्याचे काम. लेसर आला म्हणून ते आपला स्वभाव थोडाच सोडते? ते लेसरचाही प्रकाश गिळते. त्यामुळे रक्ताकडे प्रकाश कमी पोचतो आणि वरचा थर मात्र तापतो. असे दुहेरी नुकसान होते. फोड येणे, नंतर त्या जागी काळपट किंवा पांढुरके चट्टे राहणे, हे धोके म्हणूनच आपल्याकडे अधिक. कातडीच्या वर्णाचे जे वर्गीकरण डॉक्टर वापरतात, ते १९७५ साली हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी मुळात गोऱ्या माणसांसाठीच केले होते. सावळ्या आणि काळ्या वर्णांचे वर्ग त्याला मागून जोडले गेले, ही गोष्ट येथे आठवल्याशिवाय राहात नाही.

यावर एक सुंदर तोड कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात काढली. माठातील पाणी का गार होते, हे आपल्याकडे शाळेतील पोरही सांगेल. त्याच तत्त्वाने, प्रकाशाचा झटका देण्याच्या निमिषभर आधी कातडीवर एक शीतद्रव फवारायचा. मोटारीच्या वातानुकूलनात वापरतात तोच हा पदार्थ, शून्याखाली सुमारे २६ अंशांना उकळणारा. तो क्षणात उडून जातो आणि जाताना वरचा थर गारठवून जातो. खालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत तो गारठा पोचायच्या आत प्रकाश येतो. गार वरच्या थराला मेलॅनिनने गिळलेली उष्णता सोसते. येथेही पुन्हा घड्याळच उपयोगी पडले.

तरीसुद्धा सावळ्या कातडीवर डॉक्टरांना हात राखूनच काम करावे लागते. प्रकाशाची शक्ती कमी ठेवायची, झटका थोडा लांबवायचा, दोन वेळांमध्ये अंतर अधिक सोडायचे. सगळ्या डागावर हात घालण्यापूर्वी एका कोपऱ्यावर नमुना म्हणून प्रकाश टाकून काही आठवडे वाट पाहायची. जो डॉक्टर पहिल्याच भेटीत सबंध डागावर यंत्र चालवायला निघतो, त्याच्यापेक्षा जो नमुना घेऊन 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो तो बरा. आज तालुक्याच्या गावीही 'लेसर' अशी पाटी दिसते. पण लेसर हे एका यंत्राचे नाव नाही. केस काढण्याचा निराळा, गोंदण पुसण्याचा निराळा, डोळ्याचा निराळा; प्रत्येकाचा रंग आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. काही ठिकाणी तर जे यंत्र लेसर म्हणून दाखवितात ते लेसरच नसते. तो एक प्रखर दिवा असतो आणि त्याच्यापुढे गाळणीसारखी रंगीत काच असते. त्याचाही उपयोग जाणत्या हातात होतो, नाही असे नाही. पण यंत्र कोणते, त्याचा रंग किती नॅनोमीटरचा, आणि आपल्यासारख्या वर्णाची किती मुले यापूर्वी हाताळली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. असे विचारल्याने चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रत्यक्ष उपचार कसा असतो, हे आम्ही एकदा परवानगीने उभे राहून पाहिले. मुलाच्या डोळ्यांवर झाकण, डॉक्टरांच्या, परिचारिकेच्या आणि आमच्याही डोळ्यांवर खास चष्मा. 'फुस्' असा आवाज, आणि एक पिवळी चमक, पुन्हा तेच. प्रत्येक चमकेला रुपयाच्या नाण्याहून लहान वर्तुळाएवढी कातडी उजळते. रबराचा छल्ला ताणून सोडावा तसा फटका लागतो म्हणतात. काही मिनिटांतच त्या जागा निळ्याजांभळ्या होतात आणि आठवडा-दोन आठवडे तशाच दिसतात. येथे घरची माणसे घाबरतात, आणि शेजारी हमखास म्हणतात की डाग वाढवून आणला. तो डाग वाढलेला नसतो. करपलेल्या वाहिन्यांतले ते रक्त असते, आणि शरीर ते हळूहळू उचलून नेते. या काळात खाजवू नये, आणि उन्हापासून जपावे. ऊन लागले की सावळेपण वाढते, आणि पुढच्या वेळी तोच पडदा अधिक जाड होऊन आडवा येतो.

आता 'जातो' या क्रियापदाचा निकाल लावू. एका वेळी काहीही जात नाही. एक-दोन महिन्यांच्या अंतराने सहा, आठ, दहा, कधी त्याहूनही अधिक वेळा यावे लागते. बहुतेकांचा डाग फिका होतो, काहींचा पुष्कळच फिका होतो; संपूर्ण नाहीसा होणारे मात्र थोडे, पाचांत एकापेक्षाही कमी. कपाळ, गालाची बाहेरची कड आणि मान येथे फळ चांगले मिळते. हातापायांच्या टोकांना आणि चेहऱ्याच्या मध्यभागी, म्हणजे नाकालगतचा गाल आणि वरचा ओठ येथे, कमी. त्या बाईंच्या नातीचा डाग नेमका याच जागी आहे. शिवाय फिका झालेला डाग पुढे तसाच राहील अशीही हमी नाही. आम्सटरडॅमच्या डॉक्टरांनी आपल्या जुन्या रोग्यांना सुमारे दहा वर्षांनी बोलावून डागांचा रंग यंत्राने मोजला आणि २००७ साली निष्कर्ष छापला. उपचार संपला तेव्हापेक्षा डाग पुन्हा गडद झालेले आढळले. मात्र उपचारापूर्वी होते त्यापेक्षा ते फिकेच होते. आमच्या मते हा निष्कर्ष प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावा, आणि दोन्ही वाक्ये सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहावी.

केव्हा सुरू करावे, याबद्दल डॉक्टरांत एकवाक्यता नाही. लवकर करावे म्हणणाऱ्यांचे म्हणणे बळकट आहे : तान्ह्या बाळाची कातडी पातळ, वाहिन्या बारीक, डागही हाताच्या पंज्यात मावण्याएवढा, आणि मुलाला आरशातले समजू लागण्याच्या आत बरेचसे काम उरकते. लहान डाग असेल तर बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून दोन मिनिटांत काम भागते. पण डाग मोठा असेल, तर मूल दीड-दोन वर्षांचे झाल्यावर ते कोणाच्या हाताला आवरत नाही आणि भूल द्यावी लागते. आणि तीन वर्षांच्या आतील मुलांना दीर्घ वा वारंवार भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०१६ साली सावधगिरीची सूचना काढलेली आहे. आईबापांनी हा हिशेब डॉक्टरांसमोर बसून करावा. आम्ही तो या व्यासपीठावरून करून देऊ शकत नाही.

काहीच करू नये, हाही एक निर्णय असू शकतो. सोव्हिएत रशियाचे नेते गोर्बाचेव्ह यांच्या टकलावर कपाळापर्यंत उतरलेला असाच डाग होता. आरंभीच्या काळात सरकारी छायाचित्रांत तो पुसून काढीत असत; त्याच सुमारास सबंध जग तो दूरचित्रवाणीवर पाहात होते. पण प्रौढ पुरुषाच्या टकलावरचा डाग आणि शाळेत जाणाऱ्या मुलीच्या गालावरचा डाग यांना आपला समाज एकच माप लावीत नाही, हेही खरे. मुलीच्या बाबतीत आजी लग्नाची गोष्ट पाळण्यातच काढते.

यंदा संक्रांतीच्या आधी त्या बाई आम्हाला मंडईत भेटल्या. सूनही बरोबर होती, आणि तिच्या कडेवर ती मुलगी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन आल्या होत्या. जबड्याजवळ एका ठिकाणी नमुना घेतला होता आणि तेवढी जागा खरोखरच उजळली होती. पुढच्या वेळा आता आषाढापासून, ऊन उतरल्यावर, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही तेथेच, गाजराच्या ढिगाशेजारी उभे राहून, आमचे गेल्या वर्षीचे 'जातो' परत घेतले. फिका होईल, कदाचित पुष्कळ होईल, पुढे थोडा परतेलही, असे सांगितले. सून म्हणाली, "डॉक्टरांनी हेच सांगितलंय, सर." मग छापखान्यातल्या खिळ्याचा दाखला देऊन आम्ही बाईंना ती एका अक्षराची गोष्टही सांगितली. त्या बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळीत राहिल्या.

"म्हणजे विळीचं काही नव्हतं म्हणता?"

"काही नव्हतं."

"मग हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. सून काहीच बोलली नाही. तिने मुलीच्या डोक्यावरचे टोपडे उन्हासाठी जरा पुढे ओढले, आणि त्या दोघी भाजी घ्यायला पुढे गेल्या.